आबांना काटा गिळल्याचं आठवत नाही

प्रश्न:

डॉक्टर, स. न.
आम्ही पलूस तालुक्यातले. सासऱ्यांचं वय ६८, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. चार म्हशी, दीड एकर ऊस. बारा वर्षांपासून शुगर आहे आणि वर-खाली पूर्ण कवळी आहे. तीन आठवड्यांपूर्वी बेंबीच्या खाली उजव्या अंगाला दुखायला लागलं. गावात गॅस म्हणून गोळ्या झाल्या, मग सलाईन झालं. ताप यायचा, जायचा. सोनोग्राफीत अपेंडिक्सची शंका आली. शेवटी सांगलीला सीटी स्कॅन केला, तर लहान आतड्याच्या टोकाशी साडेतीन सेंटिमीटरची बारीक काटकी दिसली, बहुधा माशाचा काटा, आणि शेजारी पाच सेंटिमीटरचं पुवाचं गळू. सर्जन ऑपरेशन करा म्हणतात. आबा म्हणतात, "मी काटा गिळलाच न्हाई, मला कळलं नसतं व्हय?" चुलत सासरे म्हणतात, केळी आणि इसबगोल द्या, काटा उतरेल; गळूला अँटिबायोटिक पुरे. मुंबईचे भाऊजी फोनवर म्हणतात, सर्जनला दुसरं काय सुचणार. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, काहीच बोलत नाहीत, पण गेल्या महिन्यात रोहू मीच केला होता, हे घरात सगळ्यांच्या ध्यानात आहे.
ऑपरेशन खरंच लागेल का? पोटाला पिशवी लावतात का? आणि चूक माझी आहे का?
एक सून

उत्तर:

ताई,

हे सदर शनिवारी येतं आणि पोटातला पू शनिवारची वाट बघत नाही, म्हणून पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला. आबा दवाखान्यात दाखल आहेत, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलंय आणि ऑपरेशनच्या कागदावर मात्र ते सही करत नाहीत, हे तेव्हा कळलं. फोनवर मी एवढंच म्हणालो की त्यांना घरी नेऊ नका. बाकीचं इथं लिहितोय आणि संपादकांच्या मागे लागून आजच टाकायला लावलंय. तुमच्या घरात चाललेला वाद मी गेली तीसेक वर्षं सांगली-मिरजेच्या दवाखान्यांच्या व्हरांड्यांत ऐकत आलोय. माणसं बदलतात, केळी आणि इसबगोल तेच.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. चूक तुमची नाही.

रोहू, कटला या माशांच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षरासारखे दुपेडी काटे असतात. ते कण्याला जोडलेले नसतात, मांसात सुटे रुतलेले असतात. कोयत्यानं, सुरीनं, कशानंही ते सगळे निघत नाहीत. कृष्णाकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हा मासा खात आली ती स्वयंपाकघराच्या भरवशावर नाही, जिभेच्या आणि टाळूच्या भरवशावर. घास तोंडात फिरवायचा, काटा टाळूला टोचला की जिभेनं पुढं आणून बोटांनी काढायचा. हे आपण इतकं सवयीनं करतो की करतोय हेही कळत नाही. आता आबांची वरची कवळी आठवा. पूर्ण कवळी म्हणजे सगळ्या टाळूला चिकटून बसलेलं प्लास्टिकचं झाकण. पहारेकऱ्याच्या तोंडावर घोंगडी टाकल्यासारखं. त्या टाळूला घास गरम आहे का थंड हेही धड कळत नाही, तर केसाएवढा काटा काय कळणार?

म्हणजे "मला कळलं नसतं व्हय?" या आबांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आबा, तुम्हाला कळलं नसतं. आणि यात तुम्ही एकटे नाही. ज्यांच्या पोटातून आम्ही काटे, हाडाचे तुकडे, टूथपिक काढतो, त्यांतल्या बहुतेकांना गिळल्याचं आठवत नसतं. गिळल्यापासून दुखायला लागेपर्यंत कधी चार दिवस जातात, कधी काही महिने. म्हणून तो काटा तुमच्या रोहूचाच, ताई, असं सीटीवरून कुणालाही सांगता येणार नाही. मधे यात्रा झाली असेल, कुणाच्या घरी जेवण झालं असेल, कोंबडीच्या हाडाची कपचीही असू शकते. स्कॅनमध्ये काटा दिसतो, तो कुणाच्या चुलीवरचा हे दिसत नाही. आत्यांना एवढं सांगा. त्या गप्प आहेत त्या तुम्हाला दोष देतायत म्हणून, असंही धरून चालू नका. नवरा दवाखान्यात असला की बायका गप्पच होतात.

आता चुलत सासऱ्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, म्हणून ते नीट खोडायला हवं.

गिळलेल्या वस्तूंपैकी शंभरातल्या ऐंशी-नव्वद आपोआप शौचावाटे पडून जातात, हे खरं. दहा-वीस दुर्बीण तोंडावाटे घालून काढाव्या लागतात आणि ऑपरेशनची पाळी शंभरात एखाद्यावर येते. लहान, बोथट वस्तूंचं तर सहसा काहीच होत नाही. आतडंही बावळट नाही. त्याच्या आतल्या अस्तराला टोचलं की ते तिथं खळगा करून मागं सरतं, टोकाला वळवतं आणि बोथट बाजू पुढं करून वस्तू ढकलत नेतं. साधारण सहा मीटरच्या लहान आतड्यातून कितीतरी काटे असे गुपचूप निघून गेलेले असतात. तुमचे-माझेही गेले असतील. म्हणून गावात प्रत्येकाकडे एक गोष्ट असते: अमक्यानं खिळा गिळला होता, केळी खाल्ली आणि सकाळी पडला. ज्याचा पडला तो गोष्ट सांगायला पारावर येतो. ज्याचा अडकला तो मिरजेला आमच्याकडे.

वस्तू अडकते ती अरुंद जागी किंवा वळणावर. अडीच सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठराच्या दारातूनच पुढं सरकत नाही. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर जठरानंतरचं आतड्याचं बाकदार वळण तिला पार होत नाही. लहान पण टोकदार वस्तू हे सगळं पार करून जाते आणि शेवटी जिथं लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथल्या अरुंद दारापाशी आडवी होते. आबांचा काटा नेमका तिथंच आहे. ती जागा उजव्या कुशीत खाली, अपेंडिक्सच्या शेजारच्या घरात. म्हणून सोनोग्राफीवाल्यांना अपेंडिक्सची शंका आली, यात त्यांचं काही चुकलं नाही.

आडवा झालेला काटा एका झटक्यात भोक पाडत नाही. रोज थोडा थोडा, आतडं जसं आकुंचन पावेल तसा, तो भिंतीत शिरतो. आपल्या पोटात आतड्यांवर चरबीची एक झालर असते. तिला सर्जन लोक पोटातला पोलीस म्हणतात. कुठं गडबड झाली की ती तिथं जाऊन चिकटते आणि भोक झाकते. अल्सर फुटतो तेव्हा हवा एकदम पोटात सुटते, एक्स-रेवर दिसते, पोट लाकडासारखं होतं, माणूस हलू शकत नाही. काट्याच्या बाबतीत हा तमाशा बहुतेक वेळा होत नाही. झालर येऊन बसते, आतमध्ये जंतू वाढतात, पू साठतो, ताप येतो-जातो, आणि घरचे म्हणतात गॅस झालाय. त्यात शुगर असली की दुखणंही कमी जाणवतं आणि जंतू मात्र जोमात असतात. साध्या एक्स-रेत माशाचा काटा बहुधा दिसतच नाही. बारीक असतो, आजूबाजूच्या मांसात हरवून जातो. सीटी स्कॅन झाला नसता तर आबा अजून गॅसच्या गोळ्या खात बसले असते.

आणि केळ्यांचं म्हणाल तर, काटा आतड्याच्या पोकळीत असता तर निदान केळं त्याच्या शेजारून गेलं असतं. तो आता भिंत ओलांडून बाहेर पुवात पडलाय. तिथं केळं पोहोचत नाही, इसबगोल पोहोचत नाही आणि काटा विरघळवणारं जठरातलं आम्लही पोहोचत नाही. शिवाय तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेल्या माणसाला गुपचूप केळं चारलं तर भूल देताना ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. मायेपोटी केलेलं हे काम मी होताना पाहिलंय. उशीखाली केळं सापडलं की आमचं ऑपरेशन पुढं ढकललं जातं.

पुढचा मजकूर आबांना वाचून दाखवा. त्यांना चष्मा लावून स्वतः वाचायचा असेल तर तसं करा.

आबा, तुमच्याकडे चार म्हशी आहेत. कडब्याच्या पेंढीत कधी तारेचा तुकडा आला असेल, कधी वैरणीतून खिळा गेला असेल. जनावर चघळत बसत नाही, ते आधी गिळतं. ती तार पोटाच्या दुसऱ्या, जाळीच्या कप्प्यात जाऊन पडते. मग काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हैस वैरण सोडते, दूध एकदम आटतं, पाठीची कमान करून उभी राहते, उतारावरून पाय टाकायला बघत नाही, बसताना कण्हते. डॉक्टर येतात, पाठीचा मणका चिमटून बघतात आणि म्हणतात, तार लागली. तो कप्पा आणि काळीज यांत एका पडद्याचं अंतर. तार तो पडदा ओलांडून काळजाच्या पिशवीत गेली की जनावर हातचं जातं. म्हणून जनावरांचे डॉक्टर काही वेळा पोटात लोहचुंबक सोडतात, म्हणजे तार त्याला धरून बसते, पुढं सरकत नाही. आणि जिथं चुंबकानं भागत नाही तिथं डाव्या कुशीत चिरा देऊन, पोटात कोपरापर्यंत हात घालून तार काढतात. लाखाची म्हैस असली तर मालक एका शब्दात हो म्हणतो. तेव्हा "म्हशीला तार गिळल्याचं आठवत नाही" असं कुणी म्हणत नाही, आबा.

तुमची तार दिसली आहे. नशिबानं ती काळजाजवळ नाही, आतड्याच्या टोकाशी आहे. काटा लोखंडाचा नाही, त्याला चुंबक चालत नाही. उरतो दुसरा उपाय, आणि तोही आता कोपरापर्यंत हात घालून करत नाहीत.

एवढं आबांसाठी. आता परत तुमच्याकडे, ताई.

अँटिबायोटिकवर भागेल का, हा प्रश्न मी उडवून लावणार नाही, कारण एकदा मीच या प्रश्नाचं चुकीचं उत्तर दिलेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पन्नाशीचे गृहस्थ यकृतात गळू घेऊन आले. आपल्याकडे यकृताचं गळू म्हटलं की पहिला संशय अमीबावर. मीही त्याच औषधांनी सुरुवात केली, सुईनं पू काढला, ताप गेला, पेशंट पेढे देऊन घरी गेला. महिन्यानं परत ताप, परत गळू, परत सुई, या वेळी नळीही ठेवली. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला लाज वाटली. जुना आणि नवा सीटी शेजारी शेजारी लावून आम्ही बसलो. गळू यकृताच्या डाव्या भागात होतं, अमीबाचं बहुधा उजव्या भागात होतं, हे पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं. डावा भाग जठराला टेकलेला असतो. जठराच्या भिंतीतून यकृतात शिरलेली एक पांढरी रेघ दोन्ही स्कॅनमध्ये होती. पहिल्यातही होती. आम्ही तिला रक्तवाहिनी समजलो होतो. पोट उघडलं तर चिमट्यात बोटाच्या दोन पेरांएवढा माशाचा काटा आला. त्यानंतर गळू पुन्हा झालं नाही. असं दुखणं वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा १८९८ साली नोंदलं गेलंय, म्हणजे मला माहीत नसावं इतकं ते नवीनही नव्हतं.

पायात बाभळीचा काटा मोडला आणि वरून कितीही हळद लावली तरी पाय पिकायचा राहत नाही, तसंच हे. पू हा परिणाम आहे. अँटिबायोटिकनं तो थोडा कमी होईल, ताप उतरेल, आणि तेवढ्यावर "बघा, बरं वाटतंय की" म्हणून तुम्ही घरी जाल. आतली वस्तू आत असेपर्यंत ते बरं वाटणं उसनं आहे. काटा लहान असेल, पू झालेला नसेल, ताप नसेल, माणूस धडधाकट असेल, तर काही निवडक पेशंटना नुसत्या अँटिबायोटिकवर ठेवून, रोज तपासून, पुन्हा स्कॅन करून वाट बघता येते. आबांच्या बाबतीत पाच सेंटिमीटरचं गळू आहे, तीन आठवड्यांचा ताप आहे, बारा वर्षांची शुगर आहे. या पेशंटला मी थांबा म्हणणार नाही. सीटीत बघून कातडीतून बारीक नळी घालून आधी पू काढता येतो आणि त्यानं ऑपरेशनपूर्वी शुगर, ताप आटोक्यात आणायला दोन-चार दिवस मिळतात, हे खरंय. तुमच्या सर्जननी तो मार्ग सुचवला तर मान्य करा, पण तो अर्धा मार्ग आहे हे विसरू नका.

भाऊजींची शंका मात्र मला रास्त वाटते. दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या. फक्त त्यासाठी आबांना गाडीत घालून फिरवू नका. सीटीची सीडी आणि रिपोर्ट घेऊन एकानं जायचं. सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेत तर हाकेच्या अंतरावर सर्जन आहेत. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला तेव्हापासून लोक आगगाडीनं या गावात पोट दाखवायला येतायत. एका दिवसात मत मिळतं. दोन दिवस लागत असतील तर ते मत सोडून द्या. आबांचा रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली, बोलणं असंबद्ध झालं किंवा पोट कडक होऊन हात लावू देईनासं झालं, तर मतंबितं सगळं बाजूला. जंतू रक्तात पसरल्याची ती खूण आहे.

ऑपरेशन कसं होतं ते सांगतो. पूर्ण भूल देतात. बहुतेक ठिकाणी सुरुवात दुर्बिणीनं करतात. पोटावर अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. चिकटलेली झालर हलक्या हातानं सोडवायची, की गळू फुटून पू येतो. तो ओढून घ्यायचा आणि थोडा तपासायला पाठवायचा, म्हणजे नेमकं कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळतं. मग काटा शोधायचा. हे सांगायला सोपं आहे. सुजलेल्या, लालभडक आतड्यात पिवळसर काटा कधी पाच मिनिटांत टोक वर काढून उभा असतो, कधी तासभर सापडत नाही. सापडला की चिमट्यानं, तो मोडणार नाही अशा बेतानं ओढायचा. आतड्याचं भोक लहान आणि कडा निरोगी असतील तर दोन-चार टाक्यांत काम होतं. कडा सडल्या असतील तर तेवढा तुकडा कापून दोन टोकं जोडतात. शेवटी पोट कोमट सलाईननं धुवायचं, एक नळी ठेवायची, बाहेर यायचं. दुर्बिणीतून नीट दिसलं नाही तर सर्जन पोट उघडतील. शेजारपाजारचे म्हणतील, "दुर्बिणीचं म्हणाले आणि फाडलं." तो निर्णय टेबलावर घेतलेला शहाणपणाचा निर्णय असतो, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

पिशवीचं विचारलंत. लावावी लागेलच असं नाही, लागणार नाहीच असंही नाही. पू पोटभर पसरलेला असेल, रक्तदाब डळमळीत असेल, आतडं इतकं सुजलेलं असेल की टाका धरणार नाही, तर आतड्याचं तोंड काही दिवस पोटावर बाहेर आणून ठेवतात. ते साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या, लहान ऑपरेशननं आत घेतात. आज गळू एका जागी आहे, म्हणून पिशवी टळण्याची शक्यता चांगली आहे. आबा पिशवीच्याच भीतीनं सही टाळत असतील तर त्यांना हे सरळ सांगा, की जितका उशीर तितकी पिशवी जवळ. सर्जनना भेटाल तेव्हाही हेच विचारा: पिशवीची वेळ कशावरून ठरवाल, आणि आतडं कापायला लागलं तर किती. चांगला सर्जन या प्रश्नांना चिडत नाही.

आबा कुठल्या गोळ्या घेतात त्याची चिठ्ठी भूलतज्ज्ञांना द्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून सांगा. रोजचीच आहे म्हणून लोक सांगायचं विसरतात. शुगर काही दिवस इन्सुलिनवर ठेवतील, म्हणजे कायमचं इन्सुलिन लागलं असं नाही. ऑपरेशननंतर तीन रंगीत चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र देतील. त्यात सगळे जोरजोरात फुंकत बसतात. ते फुंकायचं नसतं, हवा आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. दुसऱ्या दिवसापासून आबांना धरून चालवा. गोठा बघायला जायची घाई असणारी माणसं लवकर बरी होतात, असा माझा अनुभव आहे. त्याला शास्त्राचा आधार देता येणार नाही.

पैशांचं पत्रात लिहिलं नाहीत, तरी सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा दवाखाना योजनेत असेल तर तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन हे ऑपरेशन बसतं का ते आजच विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. नंतर धावपळ करून फार उपयोग नसतो.

एक विषयांतर. हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांना वाटेल, आम्ही तर शाकाहारी, आमचं काय. आबांच्या वयाच्या माणसांत मला माशाच्या काट्याइतकीच भीती गोळीच्या पाकिटाची वाटते. मेडिकलवाले दहाची स्ट्रिप कात्रीनं कापून दोन-तीन गोळ्या देतात. घरी आपण ती आणखी कापून सकाळची, दुपारची असे एकेक चौकोन डबीत ठेवतो. अंधारात, चष्म्याविना, आजोबा तो चौकोन गोळीसकट गिळतात. त्याचे चार कोपरे पात्यासारखे असतात आणि एक्स-रेत तो जवळपास दिसतच नाही. गोळ्या डबीत ठेवायच्या तर पाकिटातून काढून ठेवा, नाहीतर स्ट्रिप अखंड राहू द्या. तारेच्या आकड्याची अर्धी कवळी झोपताना काढत नसाल तर तीही एक दिवस पोटात जाईल. साडी नेसताना ओठांत सेफ्टी पिन धरणाऱ्या सगळ्या वहिनींना एवढंच, की त्याच वेळी पोराला हाक मारू नका. टूथपिक खोचलेला पदार्थ रिसेप्शनला घाईत खाऊ नका. लाकूड कशातच नीट दिसत नाही.

लहान मुलांबाबत दोनच वस्तू लक्षात ठेवा. रिमोट आणि खेळण्यातला चपटा बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळायला लागतो; तिथं सकाळची वाट बघायची नाही. आणि म्हशीला जो उपाय तोच मुलाला अपाय: दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून धरतात आणि मधली भिंत मरते. कशाहीसाठी उलटी काढायला लावू नका, भाकरीचा गोळा ढकलायला देऊ नका. गळ्यात टोचतंय, लाळ गिळता येत नाही, असं असेल तर त्याच रात्री दवाखाना.

ताई, आता आबांच्या कवळीविषयी. ऑपरेशनला आत नेण्याआधी ती काढायला सांगतील. त्यांना नातवंडांसमोर बिनदातांचं दिसायला आवडणार नाही, म्हणून मुलांना तेवढा वेळ बाहेर चहाला पाठवा. कवळी कागदात किंवा पदरात गुंडाळू नका, दवाखान्याच्या चादरींबरोबर अशा किती कवळ्या धुण्याला गेल्या त्याची गणती नाही. झाकणाच्या डबीत पाण्यात ठेवा, वर नाव लिहा, आणि डबी आत्यांच्या हातात द्या. त्यांना काहीतरी धरून बसायला बरं पडेल.

आणि सर्जनना आधीच सांगून ठेवा, की काटा निघाला की तपासणी संपल्यावर बाटलीत घालून द्या. आबा शुद्धीवर येऊन चष्मा मागतील, तेव्हा ती बाटली त्यांच्या हातात ठेवायची. काय बोलायचं ते त्यांना बोलू दे.